चिमणीतून जाणाऱ्या उष्णतेची वीज: कार्यक्षमता किती आणि ती पडते कितीला

प्रश्न थोडक्यात असा आहे. भट्टीचा धूर ३०० अंश सेल्सिअसला चिमणीतून बाहेर पडतो. पुरवठादार म्हणतो की त्यावर ओआरसी संच, म्हणजे पाण्याऐवजी सेंद्रिय द्रवावर चालणारा टर्बाइन, बसवा. २० टक्के कार्यक्षमतेने वीज मिळेल, उष्णता फुकट असल्याने इंधनाचा खर्च नाही आणि तीन वर्षांत पैसे वसूल. यावर विश्वास ठेवावा का?

२० टक्के हा आकडा चांगल्या दिवशी, चांगल्या संचावर खरोखर दिसू शकतो. पण तो नेमका कशाला कशाने भागून काढला आहे, हे विचारल्याशिवाय त्याच्यावर एक पैसाही लावू नका. वाया जाणाऱ्या उष्णतेच्या कामात मी बरीच वर्षे घालवली आहेत. बुडालेले प्रकल्प यंत्र वाईट म्हणून बुडाले असे क्वचितच दिसले. भागाकार चुकला होता, म्हणून ते बुडाले.

आधी निसर्गाने घातलेली मर्यादा बघू. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली दाखवून दिले की उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल हे फक्त दोन तापमानांवर ठरते: उष्णता ज्या तापमानाला मिळते ते आणि ती ज्या तापमानाला टाकून द्यावी लागते ते. दोन्ही केल्विनमध्ये घ्यायची. बाहेरचे तापमान ३० अंश धरले तर १०० अंशांच्या उष्णतेतून कमाल १९ टक्के, १५० अंशांतून २८ टक्के आणि ३०० अंशांतून ४७ टक्के काम निघू शकते. पण ही मर्यादा अनंतकाळ सावकाश चालणाऱ्या यंत्राची आहे. असे यंत्र काढायला गेलात तर त्यातून शक्ती शून्य मिळते, कारण तापमानात फरकच नसेल तर उष्णता वाहत नाही. १९७५ साली कर्झन आणि आलबोर्न या दोघांनी वेगळा प्रश्न मांडला: यंत्रातून जास्तीत जास्त शक्ती काढायची असेल तेव्हा कार्यक्षमता किती राहते? त्यांच्या सूत्रात तापमानांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ येते आणि वरचे आकडे १०, १५ आणि २७ टक्क्यांवर उतरतात. प्रत्यक्षातले संच याच्याही थोडे खाली असतात. कागदपेन्सिलीवर झटपट अंदाज हवा असेल तर कार्नोच्या मर्यादेचा निम्मा आकडा धरा आणि त्यातून संचाच्या स्वतःच्या पंपांचा आणि पंख्यांचा खर्च वजा करा. उत्तर फारसे चुकत नाही.

आता मुख्य अडचण. धूर ३०० अंशांचा आहे याचा अर्थ सगळी उष्णता ३०० अंशांना मिळते असा नाही. धुरातून उष्णता काढली की तो गार होत जातो. पहिला घास ३०० अंशांचा, मग २५० चा, मग २०० चा, शेवटचा १२० चा. १२० वर थांबायचे कारण असे की इंधनात गंधक असेल तर साधारण १२० ते १५० अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी आम्लाचा दवबिंदू लागतो. त्याखाली गेलात की नळ्यांवर गंधकाम्ल जमते आणि नळ्या खाऊन टाकते. म्हणजे या उष्णतेचे सरासरी तापमान ३०० नव्हे, २०४ अंशांच्या आसपास भरते. कार्नोची मर्यादा ४७ वरून ३६ टक्क्यांवर आली, आणि अजून एकही यंत्र चालू झालेले नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवतो. प्रवाह सेकंदाला १० किलो, विशिष्ट उष्मा (एक किलो धूर एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, किलोज्यूलमध्ये) १.०५. धूर ३०० वरून १२० अंशांपर्यंत गार केला तर १८९० किलोवॉट उष्णता हाती येते. मध्ये थर्मल ऑइलचा, म्हणजे धुराची उष्णता घेऊन संचाला देणाऱ्या तेलाचा फेरा आहे, म्हणजे तापमानाची आणखी एक पायरी गेली. संच चांगला असेल तर १६ टक्के म्हणजे ३०२ किलोवॉट जनरेटरच्या टोकाला दिसतील. द्रवाचा आणि तेलाचा पंप त्यातले २० किलोवॉट घेतात. कंडेन्सरला, म्हणजे टर्बाइनमधून आलेली वाफ गार करून पुन्हा द्रव करणाऱ्या भागाला, सुमारे १६०० किलोवॉट उष्णता हवेत टाकायची आहे. त्याचे पंखे २७ किलोवॉट घेतात. राहिला तो खर्च, जो कोटेशनमध्ये सहसा नसतो. हीट एक्स्चेंजर, म्हणजे धुरातली उष्णता तेलात उतरवणाऱ्या नळ्यांचा जुडगा, धुराच्या वाटेत बसतो, त्याने १०० मिलिमीटर पाण्याइतका दाब खाल्ला की तो भरून काढायला चिमणीच्या पंख्याला १५-१६ किलोवॉट जास्त लागतात. ही वीज संचाच्या पॅनेलवर दिसत नाही, भट्टीच्या मीटरवर चढते. सगळे वजा करून हाती उरतात २४० किलोवॉट.

आता तीन भागाकार करू. ३०२ ला १८९० ने भागले तर १६ टक्के. पुरवठादार जी कार्यक्षमता सांगतो ती याच भागाकाराची. २४० ला १८९० ने भागले तर पावणेतेरा टक्के. आणि धुरात बाहेरच्या हवेच्या वर जी एकूण उष्णता होती, २८३५ किलोवॉट, तिने २४० ला भागले तर साडेआठ टक्के. यंत्र तेच, धूर तोच, आणि १६, पावणेतेरा, साडेआठ हे तिन्ही आकडे खरे. तुमच्या वीजबिलाला फक्त २४० किलोवॉट कळतात.

यातून एक गोष्ट निघते, ती नव्या अभियंत्यांना पटवायला मला नेहमी वेळ लागतो: सर्वाधिक कार्यक्षमता आणि सर्वाधिक वीज एकाच ठिकाणी नसतात. द्रव उकळण्याचे तापमान वाढवले की चक्राची कार्यक्षमता वाढते, पण त्या तापमानाखालचा धूर उकळण्याच्या कामाचा राहत नाही आणि तो तसाच चिमणीतून जातो. तापमान कमी केले तर उष्णता जास्त गोळा होते, पण तिचे रूपांतर वाईट होते. वीज म्हणजे या दोन्हींचा गुणाकार आणि त्याचे शिखर मध्ये कुठेतरी असते. म्हणून दोन कोटेशनपैकी एकात कार्यक्षमता १९ आणि दुसऱ्यात १६ असेल तर पहिले चांगले, असा निष्कर्ष काढू नका. पहिला संच धूर १७० अंशांना सोडत असेल आणि दुसरा १२० ला, तर दुसराच जास्त वीज देईल. धूर संचातून बाहेर कितीला पडतो, हा प्रश्न दोघांनाही विचारा.

उष्णता फुकट आहे, मग कार्यक्षमतेची फिकीर कशाला, असा युक्तिवादही ऐकू येतो. इंधनापुरता तो बरोबर आहे. पण कमी कार्यक्षमतेचा दंड इथे इंधनात भरावा लागत नाही, लोखंडात भरावा लागतो. २० टक्के कार्यक्षमतेवर एक किलोवॉट विजेसाठी पाच किलोवॉट उष्णता आत घ्यावी लागते आणि चार बाहेर टाकावी लागते. १० टक्क्यांवर दहा आत, नऊ बाहेर. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी हीट एक्स्चेंजर दुप्पट, कंडेन्सर दुपटीहून मोठा, पंखे जास्त, पायाचे काम जास्त, पाइप जास्त. कमी तापमानाची वीज महाग पडते ती याच कारणाने.

वरच्याच उदाहरणात एक्स्चेंजर केवढा लागेल ते बघा. धुराच्या बाजूने उष्णता सावकाश सरकते. चौरस मीटरला दर अंशामागे ४० वॉट धरा. धूर आणि तेल यांच्यातला फरक गरम टोकाला ७० अंश आणि गार टोकाला ३० अंश ठेवला तर सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग लागतो, पंख लावलेल्या नळ्यांचा. आता कुणी म्हणाले, गार टोकाचा फरक ३० वरून १५ करू आणि धूर १०५ पर्यंत पिळून घेऊ. उष्णता ८ टक्क्यांनी वाढते, पृष्ठभाग ४० टक्क्यांहून जास्त वाढतो. शिवाय आम्लाचा धोका. शेवटचे थेंब पिळायची किंमत ही अशी असते.

पैशांकडे येतो. आकडे डॉलरमध्ये देतो, कारण या यंत्रांचे भाव जगभर त्यातच बोलले जातात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या २००८ सालच्या आढाव्यात स्थापित खर्च किलोवॉटमागे वाफेच्या चक्राला ११०० ते १४००, ओआरसीला १५०० ते ३५०० आणि थर्मोइलेक्ट्रिकला (तापमानातल्या फरकातून थेट वीज करणाऱ्या मॉड्यूलला) २० ते ३० हजार डॉलर धरला होता. ते त्या काळचे डॉलर आहेत. शिवाय वाफेचा आकडा काही मेगावॉटच्या संचांनाच लागू पडतो. पाया, डक्ट (धुराचा मोठा नळ), बायपास डँपर (धूर संचाला वळसा घालून सोडणारी झडप), विजेची जोडणी, चाचणी हे सगळे धरले तर तीनचारशे किलोवॉटच्या ओआरसीसाठी मी किलोवॉटमागे ४००० च्या खाली अंदाज बांधत नाही. टर्बाइनचा डबा हा एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपासच असतो. बाकीचे निम्मे जागेवर ठरते, आणि फुगते ते तेच.

आकाराचा परिणाम फार मोठा आहे. प्रक्रिया उद्योगात जुना ठोकताळा आहे की खर्च आकाराच्या ०.६ या घाताने वाढतो. संच दुप्पट केला तर खर्च दीडपट होतो. दसपट केला तर चौपट. म्हणजे दसपट मोठ्या संचाचा किलोवॉटमागचा खर्च लहान संचाच्या ४० टक्क्यांवर येतो. छोट्या चिमण्यांवरचे प्रकल्प जमत नाहीत त्याचे मोठे कारण हे. दोनतीन भट्ट्यांचा धूर एकत्र आणता येत असेल तर तो विचार आधी करा.

आता पुरवठादाराचे गणित आणि माझे शेजारी शेजारी ठेवतो. एकूण खर्च १२ लाख डॉलर, विजेचा दर युनिटला १२ सेंट. पुरवठादार म्हणतो: १८९० चे २० टक्के म्हणजे ३७८ किलोवॉट, वर्षाचे ८७६० तास, झाली ३३ लाख युनिट, वर्षाला जवळजवळ चार लाख डॉलर, तीन वर्षांत वसूल. माझे गणित: निव्वळ २४० किलोवॉट, भट्टी वर्षाला ७५०० तास चालते, १८ लाख युनिट, २ लाख १६ हजार डॉलर. त्यातून देखभालीचे वर्षाला २ टक्के, म्हणजे २४ हजार वजा. उरले १ लाख ९२ हजार. वसुलीला सव्वासहा वर्षे. पुरवठादाराच्या गणितात एकही गोष्ट उघड खोटी नाही. प्रत्येक पायरीवर थोडी थोडी उदारता आहे, इतकेच.

याच गणितातून युनिटचा खर्चही काढून ठेवा. ८ टक्के व्याज आणि १५ वर्षे आयुष्य धरले तर भांडवलाचा वार्षिक हप्ता ११.७ टक्के पडतो. निव्वळ किलोवॉटमागे ५००० डॉलर लागले (१२ लाख भागिले २४०, ३०२ नव्हे), तर ७५०० तासांवर भांडवलाचे ७.८ सेंट, देखभालीचे १.३, म्हणजे युनिट ९ सेंटच्या थोडे वर पडते. तीच भट्टी दोन पाळ्यांत चालून वर्षाला ४००० तासच भरत असेल तर १७ सेंट. तापमानात २० अंशांचा फरक पडला तर इतका फटका बसत नाही. म्हणून कुणी मला धुराचे तापमान सांगू लागला की मी आधी विचारतो, वर्षाला किती तास चालता?

वीज करायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा, आणि या क्षेत्रात राहूनही मी तो सगळ्यांना विचारतो: ही उष्णता उष्णता म्हणूनच कुठे वापरता येते का? १८९० किलोवॉट उष्णतेने ८५ टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरचे २२२० किलोवॉट इंधन वाचते. त्याच उष्णतेची वीज केली तर २४० किलोवॉट. म्हणजे वीज इंधनाच्या नऊ पटींहून महाग असेल तेव्हाच विजेचा पर्याय सरस ठरेल. तेवढी तफावत बहुतेक ठिकाणी नसते. ज्वलनाची हवा तापवणे, कच्चा माल वाळवणे, बॉयलरचे पाणी आधी गरम करणे, शेजारच्या कारखान्याला गरम पाणी देणे हे सगळे आधी तपासा. या सगळ्यानंतर जे उरते आणि ज्याला गिऱ्हाईक नाही, त्याचीच वीज करावी. एक्स्चेंजरला लागणारे लोखंड दोन्हीकडे जवळपास तेवढेच; वरचा टर्बाइन आणि कंडेन्सर तर वाचतोच.

आता मोजमापाबद्दल. एका भट्टीवर कागदोपत्री धूर ४०० अंशांचा होता. आम्ही चिमणीच्या पायथ्याशी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घातला, त्याने २९० दाखवले. थर्मोकपल खराब असेल म्हणून दुसरा घातला, पुन्हा २९०. मग ऑक्सिजन मोजला. भट्टीच्या तोंडाशी ४ टक्के, चिमणीच्या पायथ्याशी ९. मध्ये डक्टची लांबी होती चाळीसेक मीटर. डक्टमध्ये पंख्याने ओढ धरलेली असते, त्यामुळे भोक पडले तर धूर बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते, आणि म्हणून गळती कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. कापडाची एक पट्टी काठीला बांधून आम्ही जोडांवरून फिरवत गेलो. तिसऱ्या एक्स्पान्शन जॉइंटजवळ (तापून लांबणाऱ्या डक्टला जागा देणारा लवचीक जोड) पट्टी सटकन आत ओढली गेली. त्या जॉइंटचे कापड खालच्या अंगाला वीतभर फाटलेले होते. पुढे आणखी दोन जागा सापडल्या, त्यांतली एक म्हणजे नीट न बसणारा तपासणीचा दरवाजा.

हिशेब सोपा आहे. ऑक्सिजन ४ वरून ९ वर जायला दर किलो धुरामागे सुमारे ०.४२ किलो बाहेरची हवा मिसळावी लागते. ४०० अंशांचा एक किलो आणि ३० अंशांची ०.४२ किलो एकत्र केली की तापमान येते २९०. म्हणजे थर्मोकपल बरोबरच होता. अशा मिश्रणात उष्णता नाहीशी होत नाही, पण तिचा दर्जा उतरतो: कार्नोची मर्यादा ५५ वरून ४६ टक्क्यांवर. आणि धूर १२० अंशांना सोडायचा असेल तर ती जादा हवाही १२० अंशांची होऊन चिमणीतून जाते, त्यामुळे हाती येणारी उष्णताही १४ टक्क्यांनी घटते. दोन्ही मिळून विजेतला जवळजवळ तीस टक्के तोटा, आणि तोही न बुजवलेल्या भोकांमुळे. या दुरुस्तीला टर्बाइनच्या तुलनेत नगण्य खर्च येतो. ती आधी करावी, मग आकार ठरवावा. उलट केले तर चुकीच्या आकाराचा संच पंधरा वर्षे सांभाळावा लागतो.

म्हणून माझा आग्रह असतो की किमान दोन आठवडे लॉगर (सतत नोंद ठेवणारे यंत्र) लावा. प्रवाह, तापमान, ऑक्सिजन, दर मिनिटाला. सरासरीपेक्षा मला त्या आलेखाचा आकार जास्त उपयोगी पडतो. धूर दिवसभर ३०० वर स्थिर असणे आणि अर्धा वेळ ४००, अर्धा वेळ २०० असणे यांची सरासरी एकच आहे, यंत्राच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या जागा आहेत. चढउतार असतील तर कमाल आकड्यावर संच घेऊ नये. तो बहुतेक वेळ अर्ध्या लोडवर चालेल आणि भांडवल बसून राहील.

धुळीबद्दल थोडे. सिमेंटच्या कारखान्यात हे उत्तम दिसते. तिथे दोन स्रोत असतात: कच्चा माल आधी तापवणाऱ्या प्रीहीटरचा धूर आणि क्लिंकर (दळून सिमेंट होण्याआधीचे भाजलेले खडे) गार करणाऱ्या कूलरची गरम हवा. प्रीहीटरची धूळ बारीक आणि चिकट, ती नळ्यांवर थर धरते. तिच्यासाठी नळ्यांना हातोड्यांनी ठोकत राहण्याची सोय लागते. कूलरची धूळ काचेसारखी खरखरीत, ती थर धरत नाही, नळ्या घासते. तिच्यासाठी आधी धूळ बसवण्याचा कक्ष आणि हवेचा वेग कमी ठेवणे गरजेचे. एकाच कारखान्यात दोन बॉयलर दोन वेगळ्या तत्त्वांवर बांधावे लागतात. तरीही सिमेंट हे या तंत्राचे सर्वांत यशस्वी क्षेत्र आहे, कारण भट्टी अखंड चालते आणि उष्णता भरपूर असते: क्लिंकरच्या टनामागे साधारण ३० ते ४० युनिट मिळतात, कारखान्याच्या विजेच्या गरजेचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त. बहुतेक ठिकाणी हे वाफेवर चालते. सिमेंटमधला पहिला ओआरसी संच १९९९ च्या सुमारास जर्मनीत लेंगफुर्टला कूलरच्या हवेवर बसला, दीड मेगावॉटच्या घरातला.

वाफ की सेंद्रिय द्रव? धूर ४०० अंशांच्या वर आणि वीज काही मेगावॉट असेल तर वाफच. स्वस्त, ओळखीची, सुटे भाग कुठेही मिळतात. तापमान ३०० च्या खाली आले की वाफेची अडचण सुरू होते. पाण्याला उकळायला फार उष्णता एकाच तापमानाला लागते, त्यामुळे गार होत जाणाऱ्या धुराशी तिचा मेळ बसत नाही. टर्बाइनच्या शेवटी वाफ ओली होते आणि थेंब पात्यांना मारतात. शेदोनशे किलोवॉटच्या छोट्या वाफेच्या टर्बाइनची स्वतःची कार्यक्षमताही बेताचीच. सेंद्रिय द्रव प्रसरण पावताना कोरडे राहतात, टर्बाइन सावकाश फिरवता येतो आणि लोड निम्म्यावर आला तरी संच फारशी कुरकुर करत नाही. चालवायला बॉयलर ऑपरेटरही बहुधा लागत नाही. वेतनाच्या हिशेबात हा फरक मोठा आहे.

द्रवाची निवड मात्र पुरवठादारावर सोपवू नका. पेंटेन ३६ अंशांना उकळतो, म्हणजे कंडेन्सर वातावरणाच्या दाबाच्या जवळपास राहतो. कामाला चांगला, पण ज्वालाग्राही, त्यामुळे सुरक्षा अंतरे आणि गॅस डिटेक्टर आले. टोल्युइन जास्त तापमानाला चालतो, पण तो ११० अंशांना उकळतो, म्हणून कंडेन्सर निर्वातात चालतो आणि हवा आत शिरत राहते. ती सतत काढावी लागते. आर-२४५एफए पेट घेत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तोच वापरला गेला, पण त्याची जागतिक तापमानवाढ करण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींच्या आसपास आहे आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर (असे पदार्थ घटवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) असे द्रव टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत. संच पंधरा वर्षे चालवायचा असेल तर दहाव्या वर्षी हा द्रव कितीला मिळेल, मिळेल का, हे आज विचारायला हवे. नव्या संचांत त्याच्या जागी आर-१२३३झेडडी येतो आहे, त्याची ही क्षमता एकच्या आसपास आहे.

थर्मोइलेक्ट्रिकबद्दल कुणी ना कुणी विचारतेच. हलणारा भाग नाही, आवाज नाही, कल्पना फार सुंदर. पण बिस्मथ टेल्युराइडच्या मॉड्यूलमधून दोनशे अंशांच्या फरकावर पाचेक टक्के मिळतात आणि भाव वर दिला आहेच. दुर्गम जागी एखादा सेन्सर चालवायला ते योग्य. वीजबिल कमी करायला नाही.

गार बाजूकडे सगळे दुर्लक्ष करतात. १२० अंशांच्या स्रोतावर कंडेन्सर ३५ ऐवजी ४५ अंशांना चालला तर नुसती कार्नोची मर्यादाच जवळजवळ १२ टक्क्यांनी खाली येते, प्रत्यक्ष वीज त्याहून जास्त. हवेने गार होणारा संच कडक उन्हाच्या दुपारी, म्हणजे बहुधा वीज सर्वांत महाग असते तेव्हा, कमी देतो. पाणी असेल तर कूलिंग टॉवर परवडतो, पण मग पाण्याचा आणि त्याच्या रसायनांचा खर्च हिशेबात धरा.

तेव्हा या ३०० अंशांच्या धुरासाठी माझे उत्तर असे: प्रवाह सेकंदाला १० किलोच्या आसपास, भट्टी ७००० तासांच्या वर चालणारी, उष्णतेला दुसरे गिऱ्हाईक नाही आणि विजेचा दर १२ सेंटच्या वर, हे चारही जमत असेल तर प्रकल्प विचारात घेण्याजोगा आहे, सहा वर्षांच्या वसुलीची तयारी ठेवून. यातले तास किंवा दर जमत नसेल तर भोके बुजवा, ज्वलनाची हवा तापवा आणि तिथे थांबा.

पुढे जायचे ठरले तर करारात एकच वाक्य घासून पुसून लिहून घ्या. हमी जनरेटरच्या टोकाच्या किलोवॉटची नको, पंप, पंखे आणि चिमणीच्या पंख्याचा जादा भार वजा करून उरणाऱ्या निव्वळ किलोवॉटची हवी. ती कोणत्या प्रवाहाला, कोणत्या तापमानाला आणि बाहेरच्या किती अंशांना, हे आकड्यांत हवे, आणि परिस्थिती बदलली तर किती घट ग्राह्य धरायची याचे आलेख कराराला जोडलेले हवेत. चाचणी थंडीतल्या एका सकाळी नको. सलग ७२ तासांची हवी, आणि एक्स्चेंजर बसवल्यानंतर किमान तीन महिन्यांनी, नळ्यांवर नेहमीची धूळ बसल्यावर. शेवटच्या हप्त्याचे दहा टक्के तोवर रोखून ठेवा.